तिकीट कॅन्सल केलंय, आधी रागावू नका

आई, बाबा,

ऑपरेशनसाठी घरी यायचं गुरुवारचं तिकीट मी कॅन्सल केलंय. काल रात्रीच केलं. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते 'काही नाही गं, तू तुझं काम कर' आणि आई गप्प बसली असती, आणि आई गप्प बसली की मला जास्त लागतं, म्हणून करून टाकलं आणि मग सांगतेय. फोनवर रडू आलं असतं म्हणून लिहितेय.

आमची तुकडी डोंगरात ज्याला शोधतेय तो मुलगा अजून सापडला नाहीये. आज पाचवा दिवस. शेवटच्या निवाऱ्यातल्या नोंदवहीत त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'एकटा, खिंडीपलीकडे, तीन दिवस'. त्याच रात्री बर्फ सुरू झाला, एरवी इतक्या लवकर पडत नाही, आणि त्याची आई सांगते की त्याची स्लीपिंग बॅगसुद्धा कडाक्याच्या थंडीतली नाही. हो, ती इथेच आहे, खाली तळावर. कोणी आत आलं की आधी त्याच्या बुटांना बर्फ आहे का बघते, मग तोंडाकडे.

बाबा, तुम्ही म्हणाल पाच दिवसांनी काय उरतं. मला कळतं ते, मी काही वेडी आशा धरून बसले नाहीये. पण काल एक गोष्ट झाली. वाऱ्याने वरचा मोकळा बर्फ उडून गेला आणि एका कपारीपाशी पावलं दिसली. खड्डे नव्हे, उंचवटे. पाय पडतो तिथला बर्फ दाबून घट्ट होतो, मग आजूबाजूचा भुसभुशीत बर्फ वारा घेऊन जातो आणि दाबलेलं पाऊल तेवढं ओट्यासारखं उभं राहतं. मी गुडघ्यावर बसून मोजली, अकरा. टाच खिंडीच्या बाजूला, चवडा उताराकडे. म्हणजे तो परत फिरला होता! आम्ही सगळे पलीकडची बाजू धुंडाळत होतो आणि पोरगं शहाण्यासारखं मागे वळून ओढ्याच्या घळीकडे, झाडीकडे उतरलं होतं. वाट चुकलेला माणूस पाण्याच्या कडेने खाली जातो आणि मधेच कडा आला की ना वर ना खाली, तिथेच अडकतो. ती घळ आता दोन्ही टोकांकडून शोधायची आहे आणि ती पावलं बघितलेल्या चौघांपैकी मी एक आहे. मी कशी निघू, तुम्हीच सांगा.

आमच्यातले डॉक्टर त्याच्या आईला सांगत होते, १९९९ मध्ये नॉर्वेत एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली होती, अंगाचं तापमान १३.७ अंशांवर गेलं होतं, तरी वाचली. गारठलेल्या माणसाला ऊब देऊन बघितल्याशिवाय तो गेला असं म्हणायचं नसतं. आणि बर्फ उकरून आत बसता आलं तर बाहेरच्या वाऱ्यापेक्षा आत पुष्कळ बरं असतं, हेही खरं आहे.

आई, माझी काळजी नको. रात्री कोरडे मोजे, दोन जाड पांघरुणं, प्यायला गरम पाणी, सगळं मिळतं. पहिले दोन दिवस तर आम्हाला वर सोडलंच नव्हतं. ताजा बर्फ ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त घसरतो, तो जरा बसेपर्यंत थांबायचं असा नियमच आहे, आणि ढग होते तोवर हेलिकॉप्टरही उडालं नाही. आता प्रत्येकाच्या छातीवर सिग्नल देणारं यंत्र असतं, एकटं कोणी कुठे जात नाही. हात जरा फुटलेत, एवढंच.

बाबा, पाचवीच्या सहलीला तुम्ही माझ्या गळ्यात शिट्टी बांधली होतीत, हरवलीस तर हलायचं नाही, एका जागी बसून वाजवायची. इथेही तेच करतो. एकजण शिट्टी वाजवतो आणि मग सगळे पूर्ण मिनिटभर गप्प, जॅकेटची सळसळसुद्धा नाही, श्वाससुद्धा हळू. मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवीये. आम्ही त्या सहा ऐकायला उभे असतो. त्या मिनिटात मला दर वेळी तात्यांची ती रात्र आठवते. आई, तू दारात बसून राहिली होतीस आणि रस्त्यावर ओळीने टॉर्च हलत होते. ती माणसं कोण होती, कुठून आली होती, आपण आजवर विचारलं नाही. त्यांच्या घरीही कोणीतरी वाट बघत असेलच ना.

ऑपरेशनच्या वेळी मी नसणार हे मला खुपतंय, बाबा. डोळ्यावरची पट्टी काढताना समोर मी असणार होते. मोतीबिंदूचं साधं ऑपरेशन आहे, तुम्ही घरी चालत याल, हे सगळ्यांना सांगत फिरतेय आणि रात्री स्वतःलाच सांगतेय. छोटी मावशी बुधवारीच येतेय, तिला मी बोललेय.

आता नीट ऐका दोघंही. थेंब वेळेवर, टाकायच्या आधी हात साबणाने. डोळा चोळायचा नाही, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नाही, झोपताना डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी लावायचीच, कितीही टोचली तरी. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः काही ठरवू नका. आई, तू स्टूलवर चढून काही काढायचं नाहीस, आणि त्यांचं करता करता स्वतःची गोळी विसरायची नाहीस.

रेंज फक्त तळापाशी येते, रात्री आठ ते नऊ मी फोन करेन. एखादे दिवशी नाही आला तर वाटेत उशीर झालाय असं समजा आणि झोपा. उद्या सहाला निघतोय, घळीच्या खालच्या टोकाने.

तुमची,
छोटी