तलवारपटांचे माहेर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राचीन रोम आणि ग्रीसमधल्या साहसपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडीने वाचला. मात्र हा सारा प्रकार त्यात हॉलिवूडच्या खात्यावर जमा केला असून, तो ज्यांनी उभा केला त्या इटालियनांचा उल्लेख एका ओळीनेही नाही, हे खटकले.

फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी पास्त्रोने यांचा 'काबिरिया' झळकला. रोम आणि कार्थेज यांच्या युद्धकाळात घडणाऱ्या या मूकपटात कॅमेरा गाडीवर बसवून भव्य नेपथ्यातून हळूहळू फिरवला होता, आणि त्यातला माचिस्ते नावाचा बलदंड गुलाम लोकांना इतका भावला की त्याच्या नावाने पुढे चित्रपटांची रांगच लागली. ती भूमिका करणारे बार्तोलोमेओ पागानो मुळात नट नव्हते, जेनोआच्या गोदीत काम करत होते.

या चित्रपटांची दुसरी लाट १९५८ साली पिएत्रो फ्रांचिस्की यांच्या हर्क्युलिसपटाने आणली. त्याचा नायक स्टीव्ह रीव्हज हा अमेरिकन शरीरसौष्ठवपटू असला, तरी दिग्दर्शक, तंत्रज्ञ आणि पैसा बहुतांशी इटलीचा होता. (लहानपणी कॅम्पातल्या थिएटरात असा एक 'इंग्रजी पिक्चर' पाहताना पात्रांचे ओठ आणि शब्द जुळत नसल्याचा दोष आम्ही बिचाऱ्या ऑपरेटरला दिला होता, मूळ संवाद इटालियन असावेत, हे फार उशिरा उमगले.) लेखात मानाने मिरवलेल्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यतसुद्धा रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतच चित्रित झाली. सर्जिओ लिओने यांनीही काउबॉयपटांकडे वळण्याआधी, १९६१ साली, ऱ्होड्सच्या महाकाय पुतळ्यावर असाच एक चित्रपट काढला होता.

या चित्रपटांत इतिहासाची मोडतोड होते, हा लेखकाचा आक्षेप मला मान्य आहे. रोमन घोडेस्वारांना रिकिबी ठाऊक नव्हत्या आणि पडद्यावर त्या सर्रास दिसतात. पण पौराणिक चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाने त्यासाठी एवढे कठोर व्हावे, असे वाटत नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 'काबिरिया'चा एखादा खेळ लावावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो. साथीला पेटी आणि तबला वाजवणारे पुण्यात सहज मिळतील.

आपला,
एक नियमित वाचक
एरंडवणे, पुणे