उखळात काय घालतात आणि काय घालत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांवर एक लेख आला आहे. त्याची सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 27व्या अध्यायातल्या 22व्या वचनाने होते. मूर्खाला उखळात घालून धान्याबरोबर मुसळाने कुटलं तरी त्याचा मूर्खपणा त्याला सोडत नाही, असं ते वचन. पुढे लेखकाने अर्थ लावला आहे की 'ढ' मुलावर कितीही मेहनत घ्या, ती वाया जाणार. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. हे वचन लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्थ हा नाही. तो तसा छापलेला पाहून मला फार लागलं, म्हणून लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ तिसरीत होता. त्याला 'ब' आणि 'व' वेगळे दिसत नसत, सातचा पाढा सत्तेचाळीस वेळा लिहूनही तोंडावर येत नसे. एक दिवस गुरुजींनी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि हेच वचन मोठ्याने वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी आजी ओसरीवर खिरीसाठी गहू सडत होती. गव्हाला पाण्याचा हबका मारायचा, ओल्या फडक्याखाली घटकाभर दडपून ठेवायचे, मग उखळात घालून हलक्या हाताने मुसळ मारायचं. घाव जोरात बसला की दाणा फुटतो, म्हणून आजीचं सगळं लक्ष मनगटात असे. भाऊ उखळाच्या काठाशी येऊन उभा राहिला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "आजी, मला यात घालणार का?" आजीने मुसळ भिंतीला टेकवलं आणि त्याला मांडीवर घेतलं. त्या दिवशी खीर झाली नाही.

गहू सडताना ज्याने पाहिलं आहे त्याला हे वचन लवकर कळेल. कोंडा दाण्याला चिकटलेला असला तरी दाणा वेगळा आणि कोंडा वेगळा. म्हणून घाव बसला की तो सुटतो आणि सुपात पाखडून उडवता येतो. वचनातल्या माणसाचं तसं नाही. त्याचा मूर्खपणा वरून चिकटलेला नाही, त्याने तो आपलासा केलेला आहे. म्हणून बाहेरून कितीही घाव घाला, सुटायला काही नसतंच.

हा माणूस कोण? धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात हिब्रू शिकवलेल्या एका पाळकसाहेबांकडे मी निवृत्तीनंतर दोन वर्षं हिब्रू शिकले, ती या एका वचनासाठी. मूळ हिब्रू वचनात शब्द आहे 'एवील'. हाच शब्द पहिल्या अध्यायात ज्ञान आणि शिस्त तुच्छ मानणाऱ्यांसाठी येतो, बाराव्यात आपलाच मार्ग खरा मानणाऱ्यासाठी, पंधराव्यात बापाचा बोध झिडकारणाऱ्यासाठी. म्हणजे ज्याला कळत नाही तो नव्हे, ज्याला ऐकायचंच नाही तो. ज्याला अजून कळत नाही त्याच्यासाठी याच पुस्तकात वेगळा शब्द आहे, 'पेती', म्हणजे भोळा. त्याच्याशी हे पुस्तक कसं वागतं ते नवव्या अध्यायात पाहा. ज्ञान स्वतः घर बांधतं, पशू मारून मेजवानी मांडतं, दासी पाठवतं आणि म्हणतं, जो भोळा असेल त्याने इकडे वळावं. माझा भाऊ, आणि लेखातली ती मुलं, फार तर या पंगतीतली आहेत.

'एवील' पाहायचा तर मला रहबाम आठवतो. इस्राएलच्या ज्या शलमोन राजाच्या नावावर ही सूत्रं आहेत त्याचाच हा मुलगा. गादीवर आला तेव्हा 41 वर्षांचा. शखेम नगरात लोकांनी विनवलं, बापाने लादलेलं जू हलकं कर. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, गोड बोल, ही माणसं कायमची तुझी होतील. त्याने ते ऐकलं नाही. बापाने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन, म्हणाला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा फुटले. एवढा घाव बसल्यावर त्याने समेटाला कोणाला पाठवलं, तर वेठबिगारीवरच्या मुकादमाला, अदोरामाला. लोकांनी त्याला दगडांनी ठार केलं आणि राजा रथात बसून यरुशलेमेला पळाला. पुढे 25व्या ते 29व्या अध्यायांतली सूत्रं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून काढली, असं पुस्तकच सांगतं. हिज्कीया यहूदाचा राजा, म्हणजे रहबामाच्या हाती उरलेल्या त्या तुकड्याचा. उखळाचं वचन लिहिताना त्या लेखनिकांना रहबाम आठवला नसेल, असं मला वाटत नाही. तिसरीतला पोरगा मात्र नक्कीच नव्हता.

कोणी 22व्या अध्यायातलं 15वं वचन पुढे करील, मुलाच्या हृदयातल्या मूर्खपणाचं आणि छडीचं. ते वचन नीट वाचावं. मुलाचा मूर्खपणा दूर होतो, असंच ते म्हणतं. मग न जाणारा मूर्खपणा मुलाचा कसा असेल? राहिली छडी. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्ही बंद केलं आहे. वर्गासमोर उभं करून वचन वाचून दाखवणं हा त्यातला दुसरा प्रकार आहे, आणि माझ्या भावाला छडीपेक्षा तोच जास्त लागला.

त्याने चौथीत शाळा सोडली. पुढे एका वर्कशॉपात विजेच्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांचं वाइंडिंग करायला शिकला. आज 62 वर्षांचा आहे, विहिरीवरची मोटार नुसत्या आवाजावरून सांगतो की बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळलं. वाचन अजून जड जातं. आपलं वर्तमानपत्र त्याच्याकडेही येतं आणि रविवारची पुरवणी त्याची पाचवीतली नात त्याला वाचून दाखवते. गेल्या रविवारीही तिने ती वाचली. म्हणून विनंती आहे की लेखाला जिथे जागा दिलीत तिथेच, येत्या रविवारी, या वचनाचा खुलासा छापावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर