वकीलकाकू, त्या पाचव्या झाडासाठी आभार

आदरणीय वकीलकाकू,
सा. न.

कॉलनीतले चार पर्जन्यवृक्ष वाचले म्हणून सगळेच तुमचे आभार मानताहेत. मला आभार मानायचे आहेत ते तुम्ही तोडू दिलेल्या पाचव्या झाडासाठी.

खोडांवर नोटिसा डकवल्या गेल्या तेव्हा आपल्याकडे दोनच पक्ष होते. एक म्हणे, झाडं आपल्या आवारातली, पार्किंगसाठी तोडली तर कुणाचं काय जातं? दुसरा फलक रंगवायला बसलेला. तुम्ही दोघांनाही १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम वाचून दाखवलात. शहरात खासगी जागेतलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि 'तोडणे' म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, हेही त्याच व्याख्येत बसतं. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या ठरावाचे सूचक तेव्हा एकदम चहाकडे वळले होते!

नोटीस म्हणजे निकाल नाही, ती हरकती मागवायलाच लावतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग टेप घेऊन छातीच्या उंचीवर घेर मोजणं आलं, जुन्या रहिवाशांच्या अल्बमांतून झाडं शोधणं आलं. अल्बमांचा हट्ट कशासाठी, ते आधी कुणालाच कळेना. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक वर्षांचं झाड 'हेरिटेज' ठरतं, म्हणून वयाचा पुरावा हवा होता. कुणाच्या तरी मुंजीच्या फोटोत मागे उभं असलेलं झाड असं कामाला आलं.

पण पाचवं झाड. बुंध्याशी बुरशी, ठोकलं तर पोकळ आवाज, आणि कललेलं नेमकं मुलं शाळेच्या बससाठी थांबतात तिकडे. हरकतीत तुम्ही स्वच्छ लिहिलंत की हे धोकादायक आहे, याला परवानगी द्यावी. किती जण चिडले तुमच्यावर! 'एक सोडलं की पाचही जातील' असं तोंडावर ऐकवलं गेलं. तुम्ही वाद घातला नाहीत, वाक्यही खोडलं नाहीत. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि मग बाकीच्या चार झाडांकडे वर मान करून नीट पाहिलं. माझ्या मते आपण तिथेच जिंकलो. सरसकट विरोधाचे कागद त्यांच्या टेबलावर रोजच येत असणार.

तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची, ही अट समितीच्या लक्षात आणून देणाऱ्याही तुम्हीच. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोण येतं ते बघू. यादीत नावं भरपूर आहेत, म्हणून जरा शंका वाटते.

एक आगाऊपणा केला आहे. पलीकडच्या सोसायटीतही नोटिसा लागल्यात, त्यांना तुमचा मसुदा दिलाय, नाव काढून. त्यांची बैठक रविवारी सकाळी आहे. तुम्ही याल, असं मी परस्पर सांगून टाकलंय. रागावू नका. जिना उतरायला हात द्यायला मी येईनच.

आपल्या शेजारच्या विंगमधून,
कृतज्ञतापूर्वक