आधी माझं काम बघा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य,
यांस सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढच्या एका वाड्यावरची. वय 37. दोन वर्षांची असताना डाव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपरवर, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्यांवर, चालते. सर्टिफिकेटवर 60 टक्के अपंगत्व लिहिलंय. मला नर्स व्हायचंय, आणि या 60 आकड्यापाशीच माझी वाट अडली आहे.

मराठी माध्यमातून दहावी झाले आणि शिक्षण थांबलं. कॉलेज खानापूरला, बसची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर, आणि आमच्याकडच्या पावसात बस येईलच याची खात्री नसते. वडील म्हणाले, राहू दे. मीही राहू दिलं.

पुढे आईला अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ गोव्यात कामाला, घरात मी एकटी. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, दर दोन तासांनी कूस बदल, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक लावायची, कंबर खाटेच्या कडेला घट्ट टेकवायची, आईच्या खाली घडी करून घातलेली चादर दोन्ही हातांनी धरायची आणि तिला हळूहळू माझ्याकडे ओढून घ्यायची. मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली एक. जोर हातांचा आणि कमरेचा लागतो. रात्री बाराचा, दोनचा, चारचा गजर. लघवीची पिशवी किती भरली ते वहीत लिहायचं, भरवताना मान किती उचलायची ते घास अडकू न देता ओळखायचं. चार वर्षं. आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. सिस्टरबाईंनी पाठ बघितली आणि म्हणाल्या, "हे रीतसर शिकून घे गं."

म्हणून मी पुन्हा पुस्तकं उघडली. बाहेरून पीयूसीला, म्हणजे बारावीला, बसले. मराठीत शिकलेला इतिहास इंग्रजीत लिहायचा होता. पहिल्या वेळी इंग्रजीत नापास झाले, दुसऱ्या वेळी सुटले. निकाल हातात आला त्या दिवशी मी आईच्या फोटोसमोर रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग मार्कलिस्ट घेऊन एका नर्सिंग कॉलेजात गेले. काउंटरवरच्या साहेबांनी मार्कलिस्ट उघडलीच नाही. कॅलिपरकडे बघून म्हणाले, "नर्सला वॉर्डात पळावं लागतंय बाई." सर्टिफिकेटवरचा आकडा वाचला आणि कागद परत सरकवले.

साहेबांनी नियमावर बोट ठेवलं, आणि तो नियम खरंच आहे. देशातल्या नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे नर्सिंगला अपंगांच्या जागा आहेत, पण फक्त कमरेखालचं अपंगत्व 40 ते 50 टक्के असलेल्यांसाठी. 40 च्या खाली असेल तर सवलत नाही, 50 च्या वर गेलं तर दार बंद. मी मधल्या त्या दहा टक्क्यांत बसत नाही. हा आकडा माझ्या पायाची ताकद मोजतो. मला कूस बदलता येते का, शीर सापडते का, औषधाचा डोस चुकत नाही ना, हे तो मोजत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. त्याच्या कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट द्यायची आहे. जीएनएमची, म्हणजे बारावीनंतरच्या नर्सिंग डिप्लोमाची, वयोमर्यादा 35. म्हणजे मला 40 पर्यंत वेळ आहे, उरली तीन वर्षं. त्यातलं एक वर्ष खेटे घालण्यात जाईल याचीच मला जास्त धास्ती आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये बोलण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएसबद्दल सांगितलं, की केवळ टक्केवारी बघून कुणाला बाद करता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने बघितलं पाहिजे. डॉक्टर होणाऱ्याला जो न्याय, तो नर्स होणारीला का नको?

अपघात विभागात स्ट्रेचरमागे धावणं मला जमणार नाही, हे मी लपवत नाही. पण डायलिसिसच्या खुर्चीशेजारी चार तास बसायला, शेवटच्या दिवसांतल्या कॅन्सरच्या पेशंटची जखम धुवायला, लकवा झालेल्याला पुन्हा चमचा धरायला शिकवायला धावावं लागत नाही. तिथे थांबावं लागतं. आणि असं थांबणाऱ्या माणसांची आमच्याकडे वानवा आहे. तरणी पोरं गोव्याला, पुण्याला गेलीत. वाड्यावाड्यावर अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं एकटी पडलीत. आजही शेजारपाजारचे ड्रेसिंगला मलाच बोलावतात.

आपल्याच राज्याने ग्रामपंचायतींत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमले, तेही अपंगांमधूनच. पेन्शनचे अर्ज, ओळखपत्रं, घरोघरी फिरणं, सगळं ते सांभाळतात. अपंगाच्या हाती दुसऱ्याची काळजी सोपवायला राज्याला तेव्हा भीती वाटली नाही.

म्हणून मागणी एवढीच. नर्सिंगच्या प्रवेशात टक्केवारीच्या जागी कामाची चाचणी ठेवा. खाट, बाहुला, सलाईन समोर ठेवा, एक अनुभवी सिस्टर आणि एक डॉक्टर परीक्षक बसवा. 2023 साली देशाचा नवा नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा झाला आहे, त्याचे नियम ठरताना कर्नाटकाने हे लेखी मांडावं. आणि सीमाभागातल्या तालुक्यांत प्रवेशाची माहिती कन्नडसोबत मराठीतही द्यावी. सीमेचा वाद मी इथे काढत नाही. अर्जातली एक अट वाचता न आल्याने माझी मुदत चुकली होती, म्हणून सांगते.

हेच पत्र भाचीकडून कन्नडमध्ये लिहून घेऊन आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवलंय. हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावला याल तेव्हा मला अर्धा तास द्या. जांबोटीहून सकाळच्या बसने येईन. चादर आणि उशा मी घेऊन येते, फक्त एक खाट लागेल.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी