मालिशवाल्या मावशींना, मालिश सोडून बाकी सगळ्यासाठी थँक्यू

मावशी, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फक्त फोटो बघता हे माहितीय मला, त्यामुळे नातीला सांगा वाचून दाखवायला आणि तिने मधेच कंटाळा केला तर तिला माझ्या वतीने ओरडा.

मालिशचे पैसे आईने दिले, साडीपण नेसवली, तो हिशोब झाला. हे आभार छकुलीच्या त्या रॅशबद्दल आहेत. आषाढातलं चिपळूण, बाहेर धो धो पाऊस, दोरीवरचे लंगोट वाळायचं नाव घेईनात म्हणून रात्रंदिवस डायपर, त्यात तिला पातळ शी सुरू झाली आणि बूड इतकं लालभडक झालं की नुसतं पाणी लागलं तरी किंचाळायची. आणि मग सल्ले! आजी म्हणे पावडर मार, आत्या म्हणे हळद-चंदन उगाळून लाव, शेजारच्या वहिनी पाण्यात खायचा सोडा टाक म्हणाल्या, शिवाय मेडिकलमधून कुणीतरी आणून दिलेली एक ट्यूब कपाटात तयारच होती.

तुम्ही आलात, पाय वर करून नीट बघितलंत आणि काहीच लावलं नाहीत. "आधी वारा लागू दे गो तिला." मला वाटलेलं आता कुठला तरी पाला वाटून आणणार!

पावडर तुम्ही पहिल्यांदा बंद केलीत, घडीत जाऊन ओली होते, गोळे होतात, आणि उडून बाळाच्या नाकात जाते ते वेगळंच (आजी संध्याकाळपर्यंत रुसली होती, पण तुमच्यापुढे बोलणार कोण). वाइप्स बंद, फक्त कोमट पाण्यात भिजवलेला कापूस, तोही पुढून मागे कारण मुलगी आहे, आणि चोळायचं नाही, टिपायचं. मग मेणकापडावर आईच्या जुन्या सुती साडीची घडी टाकून तिला तशीच उघडी लोळवायची, शू झाली तर झाली, घडी बदलायची. पूर्ण कोरडं झाल्यावर घाण्याचं खोबरेल अगदी पातळ, आणि रात्री डायपर घालायचाच तर त्याआधी झिंक ऑक्साइडवालं मलम, ते मात्र भाकरीवर लोणी थापतो तसं जाड, म्हणजे शी-शू कातडीला लागतच नाही. पुढच्या वेळी ते सगळं खरवडून काढायचं नाही, वरचा घाण झालेला थर तेवढा पुसायचा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दर दोन-तीन तासांनी डायपर बघायचा, शी झाली की लगेच बदलायचा. लंगोट साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे आणि दमट राहिले तर त्यावर गरम इस्त्री.

मांड्यांवरचं, बुडावरचं बघता बघता उतरलं. जांघेच्या घडीतलं मात्र हटेना, उलट कडेने बारीक लाल ठिपके सुटायला लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे माझ्या हातातलं नाय गो, डॉक्टरला दाखव." मावशी, खरं थँक्यू याच्यासाठी. इतकी बाळंतपणं काढलेली बाई असं सरळ बोलते आणि आपण मात्र गुगल करून डॉक्टर होतो. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, दमट घडीत वाढते, तेला-मलमाने जाणारी नाही, मग तोंड उघडून जिभेवर-गालात पांढरा थर आहे का तेही बघितलं आणि बुरशीवरचं क्रीम दिलं. मी ती कपाटातली ट्यूबपण नेली होती, तर त्यात स्ट्रॉइड निघालं! डायपरच्या आत झाकलेल्या कातडीत ते जास्त मुरतं आणि कातडी पातळ करतं म्हणे. तुम्ही नाव न वाचताच सांगितलं होतंत, "ज्यावर काय लिहिलंय ते कळत नाय ते पोरीला लावू नको."

धुरीवरून मात्र आपलं पटलं नाही आणि अजूनही पटत नाही हां, इवल्याशा फुफ्फुसांना धूर नकोच. तुम्ही दोन दिवस गाल फुगवलेत पण मालिशला वेळेवर आलात.

छकुली आता पालथी पडते, डायपर बदलताना हातात थांबत नाही. आणि एक निरोप, धाकटीचं बाळंतपण माघात आहे, इथेच येणारेय, तर बाकी कुणाला शब्द द्यायच्या आधी आईला फोन करा.