तक्रार: 'मध्यम' म्हणून विकलेली फिन्शगाऊची माउंटन बायकिंग सहल

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहली विभाग

विषय: इटलीच्या दक्षिण टायरॉलमधील फिन्शगाऊ खोऱ्याच्या सहलीत दिलेली चुकीची श्रेणी, चुकीची सायकल, अवाजवी आकारणी आणि त्यानंतरची उत्तरं

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून फोन ठेवला. 'मॅडम, तुमचा फीडबॅक आम्ही नोंदवून घेतला आहे' हे वाक्य पुन्हा एकदा ऐकलं. मी फीडबॅक दिलेला नाही. मी तक्रार केली आहे आणि पैसे परत मागितले आहेत. या दोहोंतला फरक फोनवर समजावता येत नाही असं दिसल्यामुळे आता लेखी कळवते. बुकिंगचा तपशील तुमच्याकडे आहेच. आगाऊ रकमेच्या आठवणीचे मेसेज ज्या तत्परतेने येत होते, त्यावरून तो नीट जपलेला असणार.

मुद्दा श्रेणीचा आहे. तुमच्या छापील कार्यक्रमात सांक्ट मार्टिन इम कोफेलवरून दरीत उतरणाऱ्या वाटेपुढे 'मध्यम' असं लिहिलं आहे. त्याच वाटेची जी जीपीएक्स फाइल (म्हणजे जीपीएसवर बघायचा नकाशा) तुम्ही पाठवलीत, तिच्या वर्णनात 'एस 3' आहे. दोन्ही कागद तुमचेच. एस श्रेणी काय असते हे आल्प्सच्या सायकल सहली विकणाऱ्या कंपनीला मी शिकवायची गरज नसावी. पण फोनवरचा अनुभव पाहता सांगते. ती शून्यापासून पाचपर्यंत जाते आणि फक्त वाट तांत्रिकदृष्ट्या किती अवघड आहे तेवढंच मोजते. तुमचा दम, चढाई, ऊन, थकवा यांचा तिच्याशी संबंध नाही. एस 1 मध्ये छोटी मुळं आणि बारीक दगड येतात. एस 2 मध्ये मोठी मुळं, सुटे दगड आणि पायऱ्या असतात, वळणं अरुंद होऊ लागतात. एस 3 मध्ये वाट अडवणारे खडक येतात, उंच पायऱ्या येतात, उतार 70 टक्क्यांच्या वर जातो आणि वळणं इतकी चिंचोळी होतात की सायकलवर आणि ब्रेकवर फार चांगला ताबा असल्याशिवाय वळता येत नाही. हे ज्याला जमतं तो स्वतःला 'मध्यम' म्हणवत नाही. मी अनेक वर्षं चालवते आहे, एस 2 आनंदाने उतरते, आणि बुकिंगच्या वेळी तुमच्या अर्जात नेमकं हेच लिहिलं होतं. अर्जात तो रकाना तुम्हीच ठेवला आहे. कशासाठी, ते आता कळेनासं झालंय.

त्या वाटेवर काय झालं ते थोडक्यात सांगते. केबल कारच्या वरच्या स्थानकापासून लाच गावापर्यंत (गावाचं नावच तसं आहे, मी कुणावर आरोप करत नाहीये) साधारण 1,100 मीटरची उतरण आहे. तिचा बराचसा भाग आम्ही सायकल खांद्यावर घेऊन चालत उतरलो. माझा धाकटा भाऊ एका वळणावर पडला. गुडघ्याचे पॅड होते म्हणून निभावलं. केबल कारचे पैसे देऊन सायकली वर न्यायच्या आणि खाली आपण त्यांना उचलून आणायचं, यासाठी मी तुमच्याकडे आले नव्हते.

आता तो संवाद. हा मी जसाच्या तसा लिहिते, कारण तुमच्याकडे 'प्रशिक्षणासाठी' रेकॉर्ड होतो असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं. कृपया ऐका.

मी विचारलं, एस 3 ला तुम्ही मध्यम कोणत्या आधारावर म्हणता? तुमचे प्रतिनिधी म्हणाले, 'एक मिनिट होल्ड करा.' संगीत वाजलं. बराच वेळ वाजलं. परत आले आणि म्हणाले, 'मॅडम, मी सीनियरना विचारलं. स्केल पाचपर्यंत आहे ना? पाचात तीन म्हणजे मध्यमच झालं ना.' मी म्हटलं, ही सरासरी काढायची श्रेणी नाही, प्रत्येक पायरीला ठरलेली व्याख्या आहे. त्यावर शांतपणे, समजावणीच्या सुरात उत्तर आलं, 'मॅडम, शाळेत पण बघा, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास असतो.' मला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या क्रमांकावर फोन लावला. फर्स्ट क्लास कुणाला मिळाला, मला की डोंगराला? आणि या हिशोबाने एस 5 वर पाठवलेल्या ग्राहकाला तुम्ही डिस्टिंक्शनचं प्रमाणपत्र देता का? मी हे विचारलंही. त्यावर ते म्हणाले, 'मॅडम, तुम्ही चिडू नका. सरांशी बोलू का? सायकल सरच चालवणार होते ना?'

इथे 'सर' म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो या सहलीला मी आग्रह केला म्हणून आला होता. बुकिंग माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, अर्जातला अनुभव माझा. तुमच्या प्रतिनिधीने ज्या सुरात हे विचारलं तो सूर मी इथे लिहू शकत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये असेल. मी संयम ठेवला. तो यापुढे ठेवीनच असं नाही.

त्यानंतर ते सीनियर स्वतः फोनवर आले. त्यांना विचारलं की जुलैमध्ये दुपारी सोनेनबेर्गवर, म्हणजे सांक्ट मार्टिन ज्या उतारावर आहे तिथे, पाठवायची कल्पना कुणाची. फिन्शगाऊ पूर्व-पश्चिम पसरलेलं आहे, त्यामुळे त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या देशांसारख्या आहेत हे तुम्हाला माहीत असेलच. दक्षिणेकडे तोंड करून असलेला सोनेनबेर्ग उघडा आणि कोरडा आहे, सुकलेल्या गवताचा. खोऱ्यात पाऊसच वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणून तर तिथल्या शेतकऱ्यांनी शतकांपूर्वी डोंगराच्या कडेने पाण्याचे पाट काढून ठेवले, ज्यांना ते 'वाल' म्हणतात. या बाजूचं बर्फ लवकर वितळतं, म्हणून लोक इथे वसंतात आणि शरदात सायकल चालवायला येतात. उन्हाळ्यात दुपारी तो डोंगर तव्यासारखा तापतो. समोरचा न्योर्डरबेर्ग सावलीचा, लार्च आणि स्प्रूसच्या जंगलाचा. श्लांडर्सजवळची 'होली हान्सन' ही बांधून काढलेली वाट त्याच बाजूला आहे. उन्हाळ्यात जायचं तिथे. तुमच्या माहितीपत्रकावरचे फोटो न्योर्डरबेर्गच्या जंगलातले आणि कार्यक्रम सोनेनबेर्गचा. सीनियर म्हणाले, 'फोटो प्रातिनिधिक असतात.' कशाचे प्रातिनिधिक? समोरच्या डोंगराचे?

सायकलीबद्दल थोडक्यात. पावतीवर '150 मिलिमीटर फुल सस्पेन्शन' आहे, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी सायकल. हातात दिली ती हार्डटेल, मागे सस्पेन्शन नसलेली. यावर तुमचं उत्तर: 'सस्पेन्शन आहे की मॅडम, पुढे.' यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

'हॉटेल बदल' या नावाखाली 90 युरो लावलेत, लाच ते लाचेस. दक्षिण टायरॉलमध्ये जवळपास प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं असतात. स्थानकाच्या पाटीवर दोन्ही शेजारी लिहिलेली दिसतात. लाच आणि लाचेस हे एकच गाव आहे. आम्हाला गाडीत बसवून त्याच गावात फिरवून आणलं गेलं आणि ड्रायव्हरच हसत होता. मीही हसले असते, पण पैसे माझे होते.

गोल्डझेची वाट तर कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण म्हणून विकलीत: स्टेल्व्हिओ खिंडीतून, 2,757 मीटरवरून सुरू होणारी, समोर ऑर्टलर शिखराच्या हिमनद्या. वाट खरोखर तशीच आहे, म्हणून तर तिच्यासाठी पैसे भरले. पण ती पायी चालणाऱ्यांचीही वाट आहे. उन्हाळ्याच्या गर्दीत दिवसाच्या मधल्या तासांत तिथे सायकलींना बंदी असते. तुम्ही आम्हाला नेमकं त्याच तासांत खिंडीत उतरवलंत. मग काय करणार? प्राड गावाकडे उतरणारी 48 वळणं, डांबरी, मोटारसायकलींच्या मधून. ज्या रस्त्याने गाडीने वर आलो त्याच रस्त्याने खाली. भरपाई म्हणून 'बोनस ट्रेल डे' दिलात, तो निघाला रेशेन ते मेरान हा आदिजे नदीकाठचा सायकलमार्ग. ग्राउन या बुडालेल्या गावाचा पाण्यातून डोकावणारा घंटाघराचा मनोरा, सफरचंदांच्या बागा, सगळं सुंदर आहे. पण बराचसा डांबरी आणि कुटुंबांसाठी केलेला मार्ग आहे तो. आमच्या पुढे एक आई होती, मागच्या ट्रेलरमध्ये तिचं बाळ झोपलं होतं. श्रेणी काढायचीच तर एस शून्य. म्हणजे तुमच्या सरासरीच्या पद्धतीने एस 3 आणि एस 0 मिळून माझी सहल दीड श्रेणीची झाली, अगदी अर्जात मागितल्यापेक्षाही सोपी. हा युक्तिवाद सुचवल्याबद्दल तुमच्या सीनियरना मी काही आकारत नाही.

वाईट याचं वाटतं की तुमच्याकडून मी याआधीही गेले आहे, आणि तेव्हा असं नव्हतं. तेव्हा फोनवर असा माणूस असायचा ज्याने ती वाट स्वतः उतरलेली असे. 'पहिल्या वळणाला डावीकडून जा, उजवीकडे दगड सैल आहेत' असं तो सांगायचा. मी ओळखीच्यांना तुमचं नाव सुचवत आले. आता ते सांगायला तोंड राहिलं नाही. आता तुमच्याकडे ज्याने सायकलच चालवलेली नाही असा माणूस एस 3 ला मध्यम ठरवतो. आणि हो, हे पुन्हा लिहिते, कारण तीन वेगवेगळ्या लोकांनी ते मला वेगवेगळ्या शब्दांत पटवायचा प्रयत्न केला: एस 3 मध्यम नाही. पाचात तीन असले तरी नाही.

माझी मागणी अशी: गोल्डझे आणि सांक्ट मार्टिनच्या दोन्ही दिवसांचे पूर्ण पैसे परत. लाच ते लाचेसचे 90 युरो परत. सायकलीच्या भाड्यातला फरक परत. आणि माहितीपत्रकातली 'मध्यम' ही श्रेणी दुरुस्त, पुढच्या हंगामाची विक्री सुरू होण्याआधी, कारण पुढच्याच्या गुडघ्यावर पॅड असतीलच असं नाही. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर हेच पत्र, छापील कार्यक्रम, जीपीएक्स फाइल आणि पावती यांच्यासह मी ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करणार आहे. फोनचं रेकॉर्डिंगही मागवणार आहे. ते फर्स्ट क्लासचं वाक्य आयोगापुढे मोठ्याने वाचलं जावं अशी माझी फार इच्छा आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका, आणि केलाच तर सरांना देऊ का असं विचारू नका.

तक्रारदार
(नाव आणि बुकिंग क्रमांक तुमच्या नोंदीत आहेत)