रिकाम्या फांदीबद्दल आभार

प्रिय काकू,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण पांगाऱ्याच्या झाडावरच्या शिंजिराचा, त्या फुलातला मध पिणाऱ्या इवल्याशा पक्ष्याचा, तो फोटो ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न एकच विचारला: लेन्स कोणती? मी आपला ‘400 मिलिमीटर’ म्हणून मोकळा होतो. उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. तीच लेन्स त्याआधी दोन वर्षं माझ्या गळ्यात होती आणि तिच्यातून शेपट्या, पानं आणि पक्षी नुकताच उडून गेल्यावर हलत राहिलेल्या डहाळ्या, एवढंच निघत होतं. म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

आपली ओळख तशी भांडणानंच झाली. फोटोत मागे पांढरं आकाश येऊ नये म्हणून मी पांगाऱ्याची एक फांदी दोऱ्यानं खाली ओढून बांधली होती. काट्यांनी बोटं सोलवटून निघाली होती, तरी स्वतःच्या कल्पकतेवर खूश होतो. तेवढ्यात गळ्यात दुर्बीण आणि काखेत वही घेऊन तुम्ही आलात आणि एक शब्द न बोलता गाठ सोडायला लागलात. “अहो काकू, अर्धा तास लागला मला ते बांधायला!” असं मी ओरडलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “त्याची यायची वाट तू वाकवून ठेवलीस. आता बस बघत.” मग फांदी सुटून वर गेली आणि चार फुलं माझ्या डोक्यावर पडली.

खरं सांगतो, त्या क्षणी तुमचा फार राग आला होता.

पण तुम्ही वही उघडलीत. फुलोरा सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्या एका झाडावर कोण आलं, कुठून आलं, कुठल्या घोसावर बसलं, सगळं त्यात होतं. नर शिंजीर आधी उजवीकडच्या वाळक्या काटकीवर उतरतो, एकदा इकडेतिकडे पाहतो, मग खालच्या घोसापासून वर चढत जातो. मध पिऊन झाला की जाताना सालीवर दोन्ही बाजूंनी चोच पुसतो. चष्मेवाल्यांचा, म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या छोट्या पक्ष्यांचा, थवा आला तर पाच मिनिटांत झाड चाळून निघून जातो, त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. हे सगळं वाचल्यावर मी दोन वर्षं काय केलं ते लख्ख कळलं. मी पक्ष्याचा पाठलाग करत होतो आणि पक्षी फुलांकडे येत होता. फुलं कुठे पळून जाणार होती?

“तो येईपर्यंत काय करू?” असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “फांदीचे फोटो काढ.” मला वाटलं, थट्टा करताय. काढले तरी. पंधरा-वीस रिकाम्या फांद्या! आणि एकेक चूक दिसायला लागली. घोसामागून एक काटकी आडवी जात होती, पक्ष्याच्या गळ्यातून आरपार गेल्यासारखी दिसली असती. एक सुकून काळं पडलेलं फूल नेमकं मधोमध. मागे आकाशाचा पांढरा तुकडा, ज्याच्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, जरा गुडघ्यावर बसलो, तर तो तुकडा गेला आणि त्याजागी बरीच लांबची गर्द झाडी आली. लांबची असल्यानं पार विरघळून गेली, नुसता हिरवा रंग उरला. दोरा लागलाच नाही.

लाल रंगाचा घोळही त्या रिकाम्या फोटोंनीच दाखवला. पांगाऱ्याचं फूल इतकं भडक की एकूण उजेड बरोबर असतानाही लाल रंग एकटाच उतू जातो आणि पाकळीवरची शीर न् शीर पुसली जाते. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातले उजेडाचे आलेख, वेगवेगळे पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉपनं, म्हणजे जरासा, खाली आणलं आणि पाकळ्यांना पोत आला. पक्षी समोर असताना हे सुचलंच नसतं.

तुम्हाला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, असं तुम्ही दहादा बजावलंत. पण सूर्य पाठीशी घेऊन बस, हे कोणी सांगितलं? शिंजिराचा जांभळा-निळा झळाळ हा नुसत्या रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. कोन चुकला की पक्षी कोळशाचा तुकडा दिसतो. माझ्याकडे असे कोळसे शेकड्यानं आहेत. तुम्ही वर्षानुवर्षं दुर्बिणीतून पाहून झाडाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवलं होतं, मी तिथे जाऊन बसलो, इतकंच.

मग तो आला. वाळक्या काटकीवर, वहीत लिहिल्याप्रमाणे. पाच मीटरवर 400 मिलिमीटर लेन्स आणि तिचं छिद्र एफ 5.6 ठेवलं तर फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात जेमतेम पाच सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. पक्षी सगळा मिळून दहा सेंटीमीटरचा, आणि क्षणभर स्वस्थ बसत नाही. फोकसचा एकच बिंदू घेऊन तो डोळ्यावर ठेवायचा, शटर 1/1600 सेकंद, बाकी त्याच्या मर्जीवर. त्यानं घोसात चोच खुपसली तेव्हा मी बटण दाबणार, इतक्यात तुम्ही हळूच म्हणालात, “थांब, वर बघेल.” तो वर बघितला. डोळ्यात उजेडाचा ठिपका, चोचीच्या बुडाशी चिकटलेले पराग. तोच हा फोटो.

त्या फोटोत डावीकडे एवढी मोकळी जागा का सोडली, असंही लोक विचारतात. चीनमध्ये फुलं-पक्षी हा चित्रकलेचा स्वतंत्र प्रकार आहे, सुंग राजवटीत, म्हणजे 960 ते 1279 या काळात, तो बहराला आला, आणि त्यातली कित्येक चित्रं एक फांदी, एक पक्षी आणि उरलेली कोरी जागा एवढ्यावर उभी असतात, हे तुम्ही वाट पाहता पाहता सांगितलंत. मला तेव्हा वाटलं, काकू वेळ घालवताहेत. घरी येऊन फोटो कापायला घेतला आणि हात थांबला.

एका गोष्टीची मात्र अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तो आला नाही तेव्हा मी मोबाइलवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावायला निघालो होतो. तुम्ही फोन हातातून काढूनच घेतलात. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत घुसला. मग तो खाणंपिणं सोडून त्या नसलेल्या वैऱ्याला शोधत फिरतो. एवढ्याशा जिवाला ते परवडत नाही. तुम्ही हे बोललात त्यापेक्षा ज्या नजरेनं पाहिलंत, ती लक्षात राहिली. फोनमधून ती सगळी रेकॉर्डिंगं त्याच संध्याकाळी काढून टाकली.

हो, आणि ज्या ‘पिवळ्या, गळ्यावर काळी रेघ असलेल्या’ पक्ष्याचे फोटो मी वेगळ्या नावानं साठवले होते, तो विणीचा पोशाख उतरवलेला हाच नर, हे सांगताना तुम्ही हसला नाहीत. मी असतो तर हसलो असतो.

ट्रायपॉडबद्दल मात्र आपलं अजून जमत नाही. तुम्हाला तो अडगळ वाटतो. तासभर लेन्स हातात धरून बसा एकदा, मग बोलू.

सोबत दोन प्रिंट पाठवतोय. एक शिंजिराचा. दुसरा त्या रिकाम्या फांद्यांपैकी पहिला, आडव्या काटकीसकट. नीट पाहिलंत तर खालच्या कोपऱ्यात सालीवर माझ्या दोऱ्याचा वळ दिसेल.

तुमचा,
दोरा बांधणारा